निवणाऱ्या प्लाझ्मातले रेणू



या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. आज मनापासून बोलावंसं वाटतं ते एकाच गोष्टीविषयी : लेसरने उठवलेल्या प्लाझ्मात रेणू जो प्रकाश देतात त्याविषयी.

निओडिमियम-याग लेसरचा काही नॅनोसेकंदांचा स्पंद नमुन्यावर एकवटला की तिथल्या पदार्थाचा प्लाझ्मा होतो, तापमान १०,००० केल्विनच्या वर जातं. आधी अखंड वर्णपटाचा लखलखाट, मग आयनांच्या आणि अणूंच्या रेषा. मूलद्रव्य ओळखण्याची आपली सारी पद्धत या रेषांवर उभी आहे आणि १९२० सालचं मेघनाद साहांचं समीकरण तिच्या मुळाशी आहे. पुढे काही मायक्रोसेकंदांत प्लाझ्मा निवू लागतो आणि अणू एकमेकांशी जोडले जातात. ग्रॅफाइटवर ५१६.५ नॅनोमीटरला कार्बनच्या द्विअणू रेणूचा हिरवा स्वान पट्टा उमटतो. हवेत प्रयोग केला तर ३८८.३ ला कार्बन-नायट्रोजनचा सीएन रेणू दिसतो. ॲल्युमिनियमवर ४८४.२ ला त्याचा मोनॉक्साइड. पुष्कळदा या पट्ट्यांना अडथळा मानून ते उमटण्याआधीच कॅमेऱ्याचं गेट बंद केलं जातं. मला हे मान्य नाही.

बोरॉनचंच पाहा. त्याच्या दोन समस्थानिकांच्या अणुरेषांमधलं अंतर नॅनोमीटरच्या काही हजारांश भागांइतकं असतं. हवेच्या दाबाखालच्या प्लाझ्मात रेषा रुंदावतात आणि ते अंतर त्यातच बुडून जातं. बोरॉन मोनॉक्साइडच्या कंपनपट्ट्यांत मात्र हाच फरक शेकडो पट मोठा होतो, कारण अणूचं वस्तुमान बदललं की रेणूच्या कंपनाची वारंवारताच बदलते. १९२४-२५ मध्ये रॉबर्ट म्युलिकन यांनी याच रेणूच्या पट्ट्यांवरून कंपनाच्या अर्ध्या क्वांटमचा, म्हणजे शून्यबिंदू ऊर्जेचा, पुरावा मांडला होता. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषण्यासाठी बोरॉन-१० वापरतात. त्याचं प्रमाण नमुना विरघळवल्याशिवाय, साध्या हवेत, लेसरने तपासता येतं ते याच पट्ट्यांमुळे.

मंगळावरही रेणूंचे पट्टेच कामी आले. फ्लोरिन आणि क्लोरिनच्या अणुरेषा उठायला फार ऊर्जा लागते, म्हणून त्या फिक्या राहतात. क्युरिऑसिटी बग्गीवरच्या केमकॅम उपकरणाने ही मूलद्रव्यं पकडली ती कॅल्शियमशी जोडल्या गेलेल्या त्यांच्या रेणूंच्या पट्ट्यांतून.

पण रेणूंचा प्रकाश वाचताना सावध राहावं लागतं. सीएनचा पट्टा दिसला म्हणजे नमुन्यात नायट्रोजन आहे असं ठरत नाही. कार्बन नमुन्याचा आणि नायट्रोजन हवेचा, असं सहज होतं. स्फोटकं किंवा सेंद्रिय पदार्थ तपासणाऱ्यांनी तोच प्रयोग आर्गॉनमध्ये करून पाहिलाच पाहिजे. तापमानाचा प्रश्न याहून अवघड. एकाच क्षणी लोहाच्या रेषांवरून एक तापमान येतं आणि सीएनच्या पट्ट्यावरून दुसरंच, बरंच कमी. विद्यार्थी घाबरतात, मार्गदर्शक दोहोंची सरासरी काढतात. ती कृपा करून काढू नका. अणू प्रामुख्याने गरम गाभ्यातून बोलतात, रेणू थंड कडेवरून, जिथे हवा मिसळते. या दोन आकड्यांतली तफावत प्लाझ्माची रचना सांगते, आणि ती सांगणारी दुसरी इतकी सोपी खूण माझ्या माहितीत नाही.

या विषयाचा वारसा आपल्याकडे आहे. आर. के. असुंडी यांच्या नावाने कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे जगभर ओळखले जातात. बनारसला आणि पुढे तुर्भ्याला त्यांनी रेणवीय वर्णपटशास्त्र रुजवलं. आज लेसर आपल्या विद्यापीठांतही पोचले आहेत. पट्टे ओळखण्याचं शिक्षण मात्र मागे पडतंय, याचं मला दुःख आहे.

म्हणून दोन विनंत्या. प्रत्येक वर्णपटासोबत स्पंदानंतरचा विलंब, गेटची रुंदी, भोवतालचा वायू आणि त्याचा दाब छापा. त्याशिवाय पट्ट्यावरून काढलेलं तापमान दुसऱ्या कुणाला पडताळता येत नाही. आणि विद्यार्थ्यांच्या हाती संगणकावरची वर्णपट-जुळणी देण्याआधी निदान एक स्वान पट्टा त्यांना हाताने, शीर्षामागून शीर्ष, वाचायला लावा.