मोठी बँक बुडू का देत नाहीत?

हिर्डोशीसारख्या गावापासून भोरसारख्या शहरापर्यंत आता चहाचे पैसेही फोनवरून दिले जातात. म्हणून ५ मार्च २०२० ची रात्र आठवावी. रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या येस बँकेवर निर्बंध घातले, खातेदारांना पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली. आणि त्या बँकेत खाते नसलेल्यांचेही व्यवहार अडले, कारण फोनपे या ॲपचे व्यवहार येस बँकेतूनच फिरत होते.

मोठ्या बँकेच्या मदतीला सरकार धावते ते यासाठी. मोठी बँक एकटी बुडत नाही. तिच्यात इतर बँकांचा, पतसंस्थांचा पैसा असतो. शिवाय एक बँक बुडाली की लोक चांगल्या बँकेपुढेही रांगा लावतात. म्हणून येस बँकेत स्टेट बँकेने सहा हजार कोटींहून अधिक भांडवल घातले, खासगी बँकाही आल्या. १८ मार्चला निर्बंध उठले. ठेवीदार वाचले; मात्र बँकेचे ८ हजार ४१५ कोटींचे विशेष रोखे घेणाऱ्यांचे पैसे बुडाले.

आता पुण्याची रुपी सहकारी बँक घ्या. स्थापना १९१२ ची. २०१३ मध्ये निर्बंध आले, ठेवीदार नऊ वर्षांहून अधिक ताटकळले, आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. तिच्या ठेवीदारांना आधार उरला तो पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचा. तेरा दिवस आणि नऊ वर्षे! हा फरक ठेवीदाराच्या गरजेने नव्हे, बँकेच्या आकाराने ठरला, असे मला वाटते.