'आई कुठं होती?'

लहान मूल पाण्यात पडलं की गावात पहिला प्रश्न येतो, 'आई कुठं होती?' ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर याचं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. आई विटा थापत होती. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर येतात, पावसाच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांवर मिळते, म्हणून नवरा-बायको जोडीनं राबतात. थापणी उजाडण्याआधीच सुरू होते. झोपडी, गारा कालवायला साठवलेलं पाणी, पेटलेली भट्टी, मातीच्या गाड्या, सगळं एकाच आवारात. रांगतं मूलही तिथंच.

अशा आईला 'लक्ष ठेव' म्हणून सांगणं मला अन्यायाचं वाटतं. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरतं, आणि बुडताना त्याला ओरडता येत नाही. आई हाकेच्या अंतरावर असली तरी तिला कळायचं कसं?

बांगलादेशातल्या संशोधकांना आढळलं, की खेड्यातली एक ते चार वर्षांची मुलं जास्त करून सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, घराजवळच्याच तळ्या-डबक्यात बुडतात. ती आईच्या कामाची वेळ. मग त्यांनी तेवढ्या तासांसाठी मुलं सांभाळायला गावातलीच एक बाई नेमली. 'आंचल' हे त्या केंद्रांचं नाव. तिथं येणाऱ्या मुलांमध्ये बुडण्याचं प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक घटलं. यंत्र नाही, औषध नाही. फक्त दुसरं काहीही काम नसलेलं एक माणूस.

आपल्याकडे ही समज नव्हती असं नाही. रोजगार हमीच्या 2005च्या केंद्रीय कायद्यात तरतूद केली होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर एका मजूर बाईनं ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. पण भट्टी पडली खासगी. अंगणवाडीच्या वर्गात तीन वर्षांपुढची मुलं बसतात; त्याहून लहान मूल आईजवळच राहतं. 2022पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सहा महिन्यांपासूनची मुलं घेतात. तो पाळणा भट्टीपर्यंत आला पाहिजे.

भट्टीवर धोका पाण्याचाच नाही; विटांच्या चळतीत विंचूही असतो. त्याच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातली कितीतरी मुलं वाचवली. उपचाराच्या बाजूनं आपल्या माणसांनी एवढं केलं. दंशच होऊ नये, मूल बुडूच नये, यासाठी तितकी तळमळ मला दिसत नाही.

म्हणून दिवाळीआधीच्या ग्रामसभेत दोन गोष्टी मांडा. साठवणीच्या पाण्याला मुलाच्या छातीपेक्षा उंच कुंपण आणि आवाराबाहेर, गाड्यांच्या वाटेपासून दूर, मुलांसाठी एक खोली. तिथं मुलं सांभाळणाऱ्या बाईचा रोज कोणी द्यायचा, हा प्रश्न लगेच येईल. भट्टीमालकानं द्यायचा; कोळसा आणि तूस यांच्यासारखाच तोही विटेच्या भावात धरायचा.