तीस डॉलरला जुडी, पन्नासला तीन



भाजीची एक जुडी तीस डॉलरला, तीन घेतल्या तर पन्नासला. हा भाव होता तैवानमधल्या ताइतुंगच्या मंडईतला. तैवानी डॉलर म्हणजे आपले अडीच-तीन रुपये. तीन जुड्या विकल्या की गल्ल्यात सव्वाशे-दीडशे रुपये पडणार, त्यातून खरेदीचा भाव वजा करायचा, सुकलेला माल टाकून द्यायचा आणि मग जे उरेल तो नफा. असल्या धंद्यातून एका बाईने आपल्या जुन्या शाळेला पंचेचाळीस लाख डॉलरचं वाचनालय बांधून दिलं. बाईंचं नाव छन शू-च्यू, जन्म १९५० सालचा.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांची गोष्ट छापली ती ‘गरीब भाजीवाली, पण मन राजाचं’ अशा थाटात. वाचायला छान वाटते. पण बाई आपल्या लहानपणाबद्दल जे सांगत आल्या आहेत ते आणि त्यांच्या देणग्यांची यादी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. रक्कम कुणाला द्यायची हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नसावा. देणं कुणाचं आहे हे त्यांना तेराव्या वर्षापासून पाठ होतं.

ताइतुंग तैवानच्या आग्नेय टोकाला. मागे डोंगरांची भिंत, पुढे प्रशांत महासागर. राजधानी तैपेई पार उत्तरेला. साल १९६३. शू-च्यू नुकती सहावी पास झालेली, घरातली थोरली मुलगी. आई बाळंतपणात अडली. दवाखान्याने सांगितलं, आधी पाच हजार डॉलर डिपॉझिट भरा. वडील दारोदार उसने मागत फिरले. पैसे जमेपर्यंत वेळ निघून गेली होती. आई गेली.

दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे जवळजवळ तसंच, आईचा भाजीचा गाळा मुलीकडे आला. शाळा सुटली ती कायमची. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या वेळी तैवानमध्ये सक्तीचं शिक्षण सहावीपर्यंतच होतं, ते नववीपर्यंत गेलं १९६८ साली. ही मुलगी पाच-सहा वर्षं उशिरा जन्मली असती तर निदान कायद्याने तरी तिला वर्गात बसवलं असतं. अर्थात कायदा असला तरी धाकट्या भावंडांच्या ताटात काय वाढायचं, हा प्रश्न उरलाच असता. त्या पिढीतल्या कितीतरी थोरल्या मुलींचं असंच झालं. १९६६ मध्ये काओशुंग बंदरात निर्यातीच्या मालाचे कारखाने उभे राहिले, तिथे कामाला गेल्या त्या बहुतेक तरुण मुली. त्यांच्या पगारावर मागे घरचे भाऊ शिकले. तैवानच्या आर्थिक चमत्काराबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. या मुलींबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शू-च्यू कारखान्यात गेली नाही, गाळ्यावर बसली, एवढाच फरक.

काही वर्षांनी एक धाकटा भाऊ आजारी पडला. आजार हटेना. तेव्हा रेन-आय प्राथमिक शाळेतल्या, म्हणजे तिच्याच जुन्या शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी काढली आणि त्याला तैपेईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. भाऊ वाचला नाही. पण शाळेने हात पुढे केला होता, हे तिने मनात लिहून ठेवलं.

आता देणग्या पाहू. वडील वारल्यानंतर, नव्वदीच्या दशकात, बाईंनी एका बौद्ध विद्यालयाला दहा लाख डॉलर दिले. १९९७ मध्ये आणखी दहा लाख, रेन-आय शाळेला. कशासाठी? तर अडचणीतल्या मुलांच्या तातडीच्या मदतीसाठी. पुढे शाळेला वाचनालयाची गरज आहे हे कळलं, तेव्हा खर्च त्यांनी अंगावर घेतला. २००५ मध्ये इमारत उभी राहिली. सहावीनंतर जिच्या हातून पुस्तक सुटलं, तिने ती बांधली. यावर मी काही भाष्य करत नाही.

एवढा पैसा साठला कसा? मिळकत मोठी नव्हती, खर्च नव्हता. लग्न केलं नाही. आहार शाकाहारी, दिवसाच्या जेवणाखाण्याला शंभर डॉलरही पुरून उरत. पहाटे तीनच्या सुमारास उठून घाऊक बाजार गाठायचा, माल आणायचा, निवडायचा, जुड्या बांधायच्या, आणि रात्री सात-आठपर्यंत गाळा चालवायचा. मंडईत सगळ्यांत आधी येणार त्या आणि शेवटी जाणारही त्याच, म्हणून बाकीचे विक्रेते त्यांना गमतीने ‘मंडईच्या व्यवस्थापक’ म्हणत. झोपायच्या जमिनीवर. गादी मऊ लागली तर पहाटे उठवणार नाही, हे त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

आणि घरात तीन छोटे पुठ्ठ्याचे खोके. एका बालगृहातल्या तीन मुलांचा खर्च त्या उचलत. रात्री घरी आलं की खिशातली चिल्लर त्या तीन खोक्यांत टाकायची. हे कुणालाही जमेल, असं त्या सांगत. जमेल खरंच. पण पहाटे तीनला सुरू झालेल्या दिवसाच्या शेवटी, सुजलेल्या पायांनी, रोज? मला शंका आहे.

२०१० साली अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींमध्ये त्यांचं नाव घातलं. त्यांच्यावरचं टिपण लिहिलं आंग ली यांनी. ‘लाइफ ऑफ पाय’ हा चित्रपट पुढे ज्यांनी केला तेच, आणि मूळचे तैवानचेच. न्यूयॉर्कच्या समारंभाचं बोलावणं आलं तर बाई जायला तयार होईनात. गाळा कोण बघणार? शेवटी राष्ट्राध्यक्ष मा यिंग-च्यू यांना समजूत घालावी लागली. घाईघाईने पासपोर्ट काढला, न्यूयॉर्कला जाऊन आल्या आणि पुन्हा गाळ्यावर हजर. मग गिऱ्हाइकांच्या जोडीला त्यांच्याबरोबर फोटो काढून घेणारेही यायला लागले. भाजीची विक्री त्याने किती वाढली कुणास ठाऊक, खोळंबा मात्र नक्की वाढला असणार.

मग २०१२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार. हा पुरस्कार आपल्याला परका नाही. विनोबा, बाबा आमटे, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, आणि नेमक्या आदल्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा. यातल्या बहुतेकांच्या मागे संस्था आहे, कार्यकर्ते आहेत, एक विचार आहे. छन बाईंच्या मागे संस्था नव्हती, समोर भाजी होती. पुरस्काराचे पन्नास हजार अमेरिकी डॉलर त्यांनी ताइतुंगच्या एका रुग्णालयाला देऊन टाकले.

या रुग्णालयाच्या देणगीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. तैवानमध्ये १ मार्च १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा आहे, जवळजवळ सगळ्या नागरिकांना तो लागू आहे, आणि त्याची तारीफ जगभर होते. १९६३ मध्ये ही सोय असती तर पाच हजारांच्या डिपॉझिटसाठी एक बाई अडून मेली नसती. पण विमा सगळाच खर्च उचलत नाही. काही भाग रोग्याने भरायचा असतो, शिवाय जाण्यायेण्याचे पैसे, बुडालेली मजुरी हे सगळं असतंच. दुर्गम, गरीब ताइतुंगमध्ये हा उरलेला खर्चही घर बुडवतो. बाईंना हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

२०१८ मध्ये त्यांचं अपेंडिक्स फुटलं. शस्त्रक्रिया झाली, अतिदक्षता विभागात राहावं लागलं. पंचावन्न वर्षं चाललेला गाळा त्यानंतर त्यांनी बंद केला आणि काओशुंगला भावाकडे राहायला गेल्या. त्याच सुमारास आपल्या आयुर्विम्याचे पैसेही त्यांनी वाटून दिले: ताइतुंगमधल्या दोन रुग्णालयांना, ज्यांना बिल भरता येत नाही अशा रोग्यांसाठी.