वॉलमनचा पगार आणि गावची निवडणूक



ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावात एका कागदाला एकदम भाव येतो. तो कागद म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला. कराचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत जो ते भरत नाही तो सदस्य व्हायला अपात्र, असं ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14 सांगतं. मग होतं काय, घरपट्टी मागायला आलेल्या शिपायाला ज्यांनी वर्षानुवर्षं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून दारातून परत पाठवलं, तीच मंडळी सकाळी सकाळी ग्रामपंचायतीच्या पायरीवर नोटा मोजत उभी दिसतात. स्वतःची पट्टी भरतात, एकत्र कुटुंब असेल तर वडिलांच्या नावची भरतात, वर पावतीवर शिक्का नीट उमटलाय ना हेही बघून घेतात. कारण छाननीच्या दिवशी समोरच्या पॅनेलचा माणूस बरोबर तेवढंच शोधत असतो.

माझी नोकरी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात गेली. कीर्दीत एखाद्याच आठवड्यात वसुली उसळलेली दिसली की तारीख न बघता मी सांगायचो, या गावात अर्ज भरणं चालू होतं. आणि निकाल लागला, गुलाल धुतला गेला, की वसुलीही धुऊन निघालेली असायची.

आज बोलायचंय ते या वसुलीबद्दल. विषय रुक्ष आहे, मला ठाऊक आहे. प्रचारात तो कोणी घेत नाही. पण तुमच्या नळाला पाणी येणार की नाही, हे त्यावरच ठरतं.

गावात प्रचाराची पत्रकं येतात ती वाचून बघा. इथं पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे कपबशी, छत्री, शिट्टी अशी चिन्हं आणि ‘ग्रामविकास’ नाहीतर ‘परिवर्तन’ अशी पॅनेलची नावं. आत मजकूर मात्र सारखाच. सभामंडप बांधू, वेशीला कमान उभारू, गल्लीत पेव्हर ब्लॉक टाकू, चौकात हायमास्ट लावू. यातलं बरंचसं काम ग्रामपंचायतीच्या पैशातून होतच नाही. ते येतं ‘पंचवीस-पंधरा’तून, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या ज्या लेखाशीर्षातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावोगावची कामं मंजूर होतात त्यातून, किंवा आमदार निधीतून. आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवसापर्यंत नारळ फुटत राहतात. कामं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. चिखलातून शाळेत जाणाऱ्या पोरांना पेव्हर ब्लॉकची किंमत कळते. पण नवं काम करायला वरून पैसा येतो आणि जुनं काम चालतं ठेवायला गावालाच खिशात हात घालावा लागतो, ही गोष्ट पत्रकात छापायची हिंमत एकाही पॅनेलची होत नाही.

पाण्याचंच उदाहरण घेऊ. जल जीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी, घरोघरी नळ. समजा गावची लोकसंख्या 1500 आहे. म्हणजे रोज 82,500 लिटर पाणी विहिरीतून उपसायचं, टाकीत चढवायचं आणि गल्लीगल्लीत सोडायचं. 50 हजार लिटरची टाकी असेल तर ती दिवसातून जवळजवळ दोनदा भरायला हवी. तेवढा वेळ लाईट हवी. मोटार जळाली तर रिवायंडिंगला न्यायची, तोवर दुसरी मोटार हवी. पाणी निर्जंतुक करायला टीसीएल पावडर हवी, नाहीतर आरोग्य खात्याचं धोक्याचं लाल कार्ड ठरलेलं. आणि या सगळ्यावर एक माणूस हवा, जो पहाटे उठून वरच्या आळीचा कॉक उघडेल, तासाभराने तो बंद करून खालच्या आळीचा उघडेल, आणि ‘आमच्याकडे पाच मिनिटं कमी सोडलं’ म्हणून रोज कोणाची तरी शिवी खाईल. हा वॉलमन. गावातला सर्वांत गरजेचा आणि बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस.

आता त्याच्या पगाराचा पैसा कुठून येतो ते पाहू. लोकांना वाटतं, सरकारकडून एवढा निधी येतो, त्यातून देत असतील. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना गेला, हे खरं. पण त्यातली 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्याच कामांसाठी. उरलेली 40 टक्के अबंधित, पण तिच्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. कर्मचाऱ्याच्या किमान वेतनाला शासन हातभार लावतं, पण तो आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांत, बसणाऱ्या कर्मचाऱ्यांपुरता, आणि त्यालाही वसुलीची अट जोडलेली. बाकीचं सगळं पडतं ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावर. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, एखादा गाळा असेल तर त्याचं भाडं, आठवडी बाजार भरत असेल तर त्याचा लिलाव. छोट्या गावात बाजार नाही की गाळे नाहीत. राहिली पट्टी, आणि ती थकलेली.

पट्टी का थकते? गरिबीमुळे थकते असं सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. मागणीच्या यादीत मोठे आकडे बहुतेक वेळा दुमजली घरांपुढे असतात. विधवा बाई आणि शेतमजूर आधी भरून मोकळे होतात, कारण त्यांना ग्रामपंचायतीच्या दाखल्यांची गरज वारंवार पडते आणि दाखला मागताना थकबाकी विचारली जाते. वजनदार घराला विचारणार कोण? कायद्याने सरपंचाच्या हाती सगळं दिलं आहे. बिल बजावा, मागणीची नोटीस द्या, तरी भरलं नाही तर जंगम मालमत्ता जप्त करा. पण ज्या घरात सात मतं आहेत त्या घरची मोटारसायकल जप्त करणारा सरपंच मी पाहिलेला नाही. प्रभाग एवढेएवढेसे असतात. बाराशे-पंधराशे वस्तीच्या गावात एका प्रभागाचा निकाल पाच-दहा मतांनी फिरतो. तिथे वसुली करणं म्हणजे पुढच्या निवडणुकीतला स्वतःचा पराभव स्वतःच लिहून ठेवणं, असा हिशेब प्रत्येक सरपंच मनात करतो. आणि तो हिशेब चुकीचा नसतो, हीच अडचण आहे.

मग विजेचं बिल साचतं. पथदिवे आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं वित्त आयोगाच्या निधीतून भरा, असं शासनाने 2021 मध्ये सांगितलं तेव्हा राज्यभर सरपंचांनी ओरड केली, की विकासाचा पैसा बिलात गेला. ओरड समजण्यासारखी होती. पण बिल भरायला दुसरा पैसा का नव्हता, याची चर्चा त्या गदारोळात कानावर आली नाही. पुढे काय होतं ते तुम्हीच रोज बघता. कनेक्शन तुटतं, टाकी कोरडी, मग लोक म्हणतात, पाणीच येत नाही तर पट्टी कशाची भरायची? तेही बरोबर. आणि जेव्हा पाणी येतं तेव्हा ज्याच्याकडे ऐपत आहे तो थेट नळाला मोटार लावतो, शेवटच्या घराला फक्त हवा मिळते. त्या मोटारी काढायला लावेन असं एकाही उमेदवाराच्या पत्रकात सापडलं तर मला जरूर कळवा.

काही गावांनी यातून वाट काढली आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर वेळेवर भरणाऱ्या घराला दळण फुकट दिलं आणि गावाने कर भरला. कल्पना साधी आहे. बाईच्या डोक्यावरचं दळण आणि पुरुषाच्या खिशातली पट्टी यांची गाठ मारली. पुष्कळ गावं तिथे सहलीला जाऊन आली, फोटो काढून आली. परत आल्यावर चक्की घ्यायचा ठराव मात्र थोड्यांनीच केला.

बिनविरोध निवडणुकीबद्दलही बोललं पाहिजे, कारण गावात सध्या तिचा फार गौरव होतो. भांडणं टळतात, खर्च वाचतो, हे मान्य. पण बिनविरोध कशी झाली हे विचारायला हवं. 15 जानेवारी 2021 रोजी राज्यातल्या 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरलेलं होतं. त्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांत पदांचे चक्क लिलाव झाले. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळीत 42 लाखांवर. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बोलीचे पैसे मंदिरासाठी होते, असं समर्थन झालं. मंदिर बांधायला हरकत नाही, पण ज्याने खुर्चीसाठी एवढी रक्कम मोजली त्याला पाणीपट्टीचा हिशेब कोण विचारणार? त्याच निवडणुकीत हिवरे बाजारला 30 वर्षांनी मतदान झालं. एवढी वर्षं बिनविरोध चाललेलं, ग्रामसभेच्या बळावर पाण्याचा ताळेबंद मांडणारं आणि बोअरवर बंधन घालणारं गाव. तिथेही लोकांनी गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांच्या समोर पॅनेल उभं केलं, पवारांचं पॅनेल सगळ्या जागा जिंकलं, आणि गाव आपल्या कामाला लागलं. निवडणूक झाली म्हणून काही बिघडलं नाही.

ग्रामसभेचं नाव निघालंच आहे, तर तिची एक खुबी सांगतो. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. आता पहिल्या सभेला माणसं जमली नाहीत तर ती तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. चतुर कारभाऱ्यांना हे पाठ असतं. दवंडी हळू आवाजात द्यायची, पहिली सभा तहकूब करायची आणि दुसरी पारावर बसलेल्या पंधरा माणसांत उरकायची. नियमाप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायला हवी. ती बहुतेकदा रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे-सह्या घेऊन होते. 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, अनेक गावांत सरपंचबाई आहेत, आणि त्यांच्या खुर्चीशेजारी यजमानांची खुर्चीही आहे. पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं टिकतं, कोणत्या घराला मोटार आहे, हे गावात बिनचूक सांगू शकतात त्या बायकाच. आणि ज्या सभेत ते नोंदवायचं ती सभाच होत नाही.

यंदाही बाहेरगावच्या मतदारांसाठी गाड्या निघतील. कोकणात चाकरमान्यांसाठी मुंबईहून, आणि निवडणूक थंडीत आली तर बीडकडच्या ऊसतोड मंडळींसाठी फडावरून. येऊ द्या, त्यांचा हक्कच आहे. फक्त गाडीभाडं देणाऱ्याने पावतीवर ‘पाणीपट्टी’ असं लिहून तेवढेच पैसे ग्रामपंचायतीत भरले असते तर किती महिने मोटार चालली असती, एवढा हिशेब मनातल्या मनात करून बघा.

आता उमेदवार दारात येईल तेव्हा काय विचारायचं? भ्रष्टाचार करणार का, असं विचारू नका, नाही म्हणून मोकळा होईल. गेल्या वर्षी पाणीपट्टीची मागणी किती होती आणि वसूल किती झाली, ते विचारा. वीजबिलाची थकबाकी विचारा. हे आकडे त्याला माहीत नसतील तर तो पेव्हर ब्लॉकवरच बोलेल, आणि तुम्हाला काय ते कळेल. वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च झाला हे ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कोणालाही मोबाईलवर दिसतं. गावातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, तो दहा मिनिटांत काढून देईल. सध्याच्या सरपंचांना विचारताना थोडं सबुरीने विचारा. 2024 मध्ये मानधन दुप्पट झाल्यावरही दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावातल्या सरपंचाला महिन्याला 6 हजार रुपये मिळतात. त्यात त्याचं पेट्रोल आणि चहा निघत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. पॅनेलच्या बैठकीत तिचा विचार आत्ताच करून ठेवा, कारण निकालानंतर कोणी शुद्धीवर नसतं. वित्त आयोगाचा पैसा हल्ली चेकने निघत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले कालचे ग्रामसेवक, या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. नवा सरपंच आला की त्या सहीचा जुना डोंगल बाद. नव्याची कागदपत्रं, नोंदणी, पंचायत समितीची मान्यता यात दिवस जातात, आणि थेट निवडून आलेला सरपंच एका पॅनेलचा, सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं असेल तर बँकेतली सह्या बदलण्याच्या ठरावावरूनही घोडं अडतं. तेवढ्या काळात विजेचं बिल थांबतं, टीसीएल संपतं, मोटार जळायची ती जळतेच. म्हणून मतदानाआधी ग्रामपंचायतीत जाऊन एवढं विचारून या, की वॉलमनचा गेल्या महिन्यापर्यंतचा पगार झालाय का, आणि निकालानंतरच्या महिन्याचा पगार कोणत्या खात्यातून, कोणाच्या सहीने निघणार आहे.