दोन मिनिटांचे उड्डाण आणि तीन वर्षांची मुदत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ह्या बेटांवरील धावपट्ट्यांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात ह्या उड्डाणाला दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असला तर विमान मिनिटाच्या आतही पोहोचते. जगातील हे सर्वांत लहान नियमित उड्डाण १९६७ पासून चालू आहे. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराहूनही कमी. आठ उतारूंच्या त्या विमानातून शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण ये-जा करतात.

नफ्याच्या हिशेबात असे उड्डाण कधीही बसणार नाही. ते टिकले ह्याचे एक कारण असे की, तेथील लोकनियुक्त परिषदेने बेटांमधील विमानसेवा ही सार्वजनिक सेवा मानली आणि तिच्या खर्चाचा भार उचलला. विमान किती मिनिटांत पोहोचते ह्याहून ते उद्याही येईल की नाही, हा प्रश्न बेटावरील माणसाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असतो.

भारतात २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर तिचा प्रारंभ झाला. सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला काही ठरावीक आसनांपुरते २,५०० रुपये भाडे आणि कंपनीची तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षे अनुदान, असे तिचे स्वरूप होते. लहान शहरे जोडण्याचा हेतू स्वागतार्हच होता. परंतु तीन वर्षांत प्रत्येक मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहील, हे गृहीत मात्र बाजारावरील भाबड्या श्रद्धेतून आले होते.

महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने त्या श्रद्धेचा हिशेब मांडला. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये त्यांतील ५४ च टिकून होते.

ह्यावर कुणी विचारील : खेड्यातील माणसाला एसटीची गाडी वेळेवर मिळत नाही, तेथे विमानाला पैसा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. जेथे रेल्वे आणि एसटी पोहोचू शकते, तेथे सार्वजनिक पैशावर पहिला हक्क त्यांचाच. विमान तासाभरात उतरले तरी विमानतळापासून गावापर्यंत गाडी नसेल, तर वाचलेला वेळ रस्त्यावरच खर्ची पडतो. मात्र लक्षद्वीप, अंदमान, ईशान्येकडील डोंगराळ प्रदेश येथे विमान ही चैन नव्हे. तेथील अनुदानाला तीन वर्षांची मुदत घालणे म्हणजे रुग्णाला ठरावीक दिवसांतच बरे होण्याचा हुकूम देण्यासारखे आहे.

दोन विमानतळांमधील अंतर नकाशावर मोजता येते. त्या अंतराचा भार कोणी वाहायचा, हा मात्र राजकारणाचा प्रश्न आहे आणि तो केवळ कंपन्यांच्या ताळेबंदावर सोडून चालणार नाही.