बेंबीच्या देठापाशी



कोणी जिवाच्या आकांतानं ओरडलं, की आपण म्हणतो, ‘बेंबीच्या देठापासून ओरडला.’ हा वाक्प्रचार मी कवितेत कितीदा तरी वापरला असेल. पण त्या देठात एकेकाळी आपली आतडी मुक्कामाला होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. मी बी.ए. झालेला माणूस. पचनसंस्थेशी माझी ओळख शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीएवढीच.

सांगितलं ते एका शाळासोबत्यानं. तो डॉक्टर झाला. एका एकादशीला आम्ही नारायणगडावर भेटलो. नगद नारायण महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन तो बाहेर आला, आणि आम्ही पायऱ्यांवर बसलो. त्याचा उपवास होता. पोटावरून विषय निघाला आणि पोटातच शिरला.

तो म्हणाला, गर्भ चौथ्या आठवड्यात तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. सपाट पानाची सुरळी व्हावी तसा तो दुमडतो आणि आत एक साधी नळी तयार होते. तिच्या वरच्या भागातून अन्ननलिका आणि जठर होतं. यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड तिलाच फुटलेल्या कोंबांतून वाढतात. मधल्या भागाचं बहुतेक लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा बराच भाग होतो. उरलेलं मोठं आतडं खालच्या भागातून.

खरी गंमत मधल्या भागाची. सहाव्या आठवड्यात तो इतक्या वेगानं वाढतो, की पोटात जागा पुरत नाही. यकृतानंच पोट व्यापलेलं असतं. मग आतड्याचा वेढा सरळ नाळेत उतरतो. आमच्या जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात, तसंच हे. दहाव्या आठवड्यात पोट मोठं झालं, की आतडी घरी येतात. पण सरळ येत नाहीत. जाता-येता मिळून २७० अंश, म्हणजे पाऊण फेरा वळतात. समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. या वळणामुळंच अपेंडिक्स उजवीकडं खाली येतं आणि मोठं आतडं चौकटीसारखं भोवती बसतं. मोठ्या माणसाचं सुमारे सहा मीटर लहान आतडं त्या चौकटीत घडी घालून मावतं. मग आतडी पाठीमागच्या भिंतीला ठिकठिकाणी चिकटून स्थिर होतात.

“आणि हे वळण चुकलं तर?” मी सहज विचारलं.

“तर आतडी नीट चिकटत नाहीत. विहिरीच्या दोरासारखा पीळ पडू शकतो. रक्त तुटतं. पित्त पुढं सरकत नाही, म्हणून बाळ हिरवी उलटी करतं. मग हातात काही तासच असतात.”

हिरवी उलटी! मी गप्प झालो.

माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी अम्माला पहिला मुलगा झाला होता. तिसऱ्या दिवशी तो हिरवं ओकू लागला. कोणी म्हणालं पित्त झालं, कोणी घुटी उगाळून दिली. चौथ्या दिवशी तो गेला. दिवस असताना अम्मानं पाण्याचा भरलेला हंडा उचलला होता, त्याचंच हे फळ, असं बायका म्हणाल्या. अम्मानं तो हंडा पुढं आयुष्यभर डोक्यावरून उतरवला नाही.

मित्राला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येणार नाही, पण बहुधा हेच. मात्र हंड्यानं आतड्याचं वळण चुकत नाही. यात आईचा दोष नसतो.” या दोषावरची शस्त्रक्रिया बोस्टनच्या डॉ. विल्यम लॅड यांनी १९३६ सालीच लिहून ठेवली होती, हेही त्यानं सांगितलं. म्हणजे इलाज जगात होता. आमच्या वस्तीपर्यंत पोचला नव्हता.

आज रस्ता आहे, १०८ ची गाडी आहे. म्हणून एवढंच सांगतो. बाळानं दुधाची पांढरी गुळणी टाकली, तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. पण नवजात बाळाची उलटी हिरवी असेल, तर घुटी नको, सकाळची वाट नको; त्याच घटकेला दवाखाना गाठा. पहिल्या चोवीस तासांत बाळाला काळपट शी झाली नाही, तरी डॉक्टरांना दाखवा. शीची जागा नीट आहे ना, हे जन्मल्याबरोबर पाहून घ्यायला सांगा. सुमारे पाच हजारांत एका बाळाला ती नसते किंवा जागेवर नसते, आणि त्यावरही शस्त्रक्रिया होते.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी अम्माला सगळं समजावलं. नळी, नाळ, पाऊण फेरा. तिला किती कळलं कोण जाणे. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, “म्हणजे हंड्याचं काही नव्हतं?”

“नाही, अम्मा.”

“परत सांग,” ती म्हणाली.

मी परत सांगितलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)