उत्तरपत्रिकेचा हिशेब द्या

(घाटकोपरच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. दिवसा गोदीत माल वाहतो, रात्री कविता लिहितो. विद्यापीठाच्या परीक्षेवर हा काय डोंबल बोलणार, असं इथल्या दोनचार पदवीधरांना वाटलं असेल. वाटू द्या. मोजमापातलं मला कळतं. धक्क्यावर गोणी उतरते तेव्हा जहाजाकडचा एक माणूस मोजतो, धक्क्याकडचा दुसरा. आकडे जुळले नाहीत तर दोघांच्या समोर पुन्हा मोजणी. तांदळाच्या गोणीला एवढा न्याय! आणि दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारच्या भांडणात कानात बोटं घालून आमच्या पोरीनं अभ्यास केला, त्या अभ्यासाचा पेपर एकटा माणूस बंद दाराआड मोजतो. तो जो आकडा टाकील, त्याला हे लोक मेरिट म्हणतात. मग तेच मेरिट आमच्या तोंडावर फेकतात.

हे मेरिट २०१७ साली भर चौकात उघडं पडलं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. १६० वर्षांच्या या म्हाताऱ्यानं ठरवलं, की उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी कॉम्प्युटरवर तपासायच्या. ४७७ परीक्षा, १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. आणि कंपनीला काम दिलं कधी? परीक्षा सुरू झाल्यावर. कंपनीचं नाव मेरिटट्रॅक. हे नाव मी ठेवलेलं नाही, खरंच तसं आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा म्हणतो, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, काही झालं तरी ४५ दिवसांत लावाच. ते दिवस गेले. राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही गेली. कॉलेजातलं शिकवणं थांबवून प्राध्यापकांना तपासणीला जुंपलं. म्हणजे मागच्या वर्षाचा घोळ निस्तरायला पुढच्या वर्षाच्या पोरांचे तास खाल्ले. उत्तरपत्रिका सापडत नाहीत अशा बातम्या आल्या. निकाल लागल्यावर हजारोंनी पुनर्मूल्यांकनाचे अर्ज केले. २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं.

एक खुर्ची रिकामी झाली. छान झालं. पण भरपाई कुणाला मिळाली? ज्याच्या बापाकडं पैसा आहे त्याचं पोरगं वर्षभर थांबू शकतं. आमच्यातला पोरगा पहाटे पेपर टाकतो, मग कॉलेजला जातो, संध्याकाळी मॉलमध्ये उभा राहतो. त्याच्या नोकरीचं पत्र मार्कशीटवर अडलेलं असतं. उशीर सगळ्यांना झाला म्हणतात, पण तो सगळ्यांना सारखा पडत नाही.

आणि हे लक्षात घ्या, यंत्राला मी शिव्या घालत नाही. १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, कंटेनर आले, मुंबईच्या गोदीतली माणसांची कामं गेली. म्हाताऱ्या कामगारांच्या तोंडून ते रोज ऐकतो, तरीही घालत नाही. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासताना आडनाव दिसत नाही, फक्त बारकोड असतो. बेरीज यंत्र करतं. आपल्याला तर ते हवंच आहे. सवाल एवढाच, की पुरती तयारी न करता लाखो पोरांवर प्रयोग करायची परवानगी यांना दिली कुणी?

बारकोड कागदाला लागतो, तोंडाला लागत नाही. तोंडी परीक्षेत, प्रॅक्टिकलला, अंतर्गत गुणांत आडनाव समोर खुर्चीत बसलेलं असतं. दिल्लीच्या एम्समध्ये काय चालतं ते बघायला सुखदेव थोरात यांची समिती बसली होती. २००७ साली तिचा अहवाल आला. तोंडी परीक्षेत आम्हाला जात विचारली जाते, असं अनुसूचित जाती-जमातीच्या अनेक विद्यार्थ्यांनी तिला सांगितलं. देशातल्या सर्वांत हुशार डॉक्टरांच्या घरात ही गत! म्हणून माझी मागणी सरळ आहे: तोंडीला दोन परीक्षक, त्यातला एक बाहेरचा. दोघांनी आपापले गुण आधी वेगळे लिहायचे, मग एकमेकांशी बोलायचं. गोणी मोजतात तसं.

आता पेपर बघायच्या हक्काविषयी. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात आपल्याच महाराष्ट्राच्या बोर्डाचं प्रकरण होतं. मुंबई हायकोर्टानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं दिलेला निकाल तिथं फिरला. उत्तरपत्रिका दाखवणार नाही, पुनर्मूल्यांकन करणार नाही, हा बोर्डाचा नियम कोर्टानं उचलून धरला. पुढं २७ वर्षं गेली. माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, आणि ९ ऑगस्ट २०११ ला त्याच न्यायालयानं सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे, ती बघायचा आणि तिची प्रत घ्यायचा हक्क विद्यार्थ्याला आहे. परीक्षकाचं नाव मिळणार नाही, पण त्यानं काय तपासलं ते मिळेल. १० रुपयांचा अर्ज, पानाला २ रुपये. वडापावपेक्षा स्वस्त हत्यार आहे हे, आणि आपण ते वापरत नाही. नापास झालो की नशिबाला, नाहीतर स्वतःला दोष देत घरात कोंडून घेतो.

एक सांभाळा. माहितीच्या अर्जाला उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात. पुनर्मूल्यांकनाची तारीख तोवर तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून विद्यापीठाकडं फोटोकॉपीचा अर्ज त्यांच्या मुदतीत वेगळा टाका, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुढचा निकाल लागला, की विहारात टेबल मांडू. मुलुंड, घाटकोपरची पोरं इकडं या. अंधेरी-बोरिवलीवाल्यांनी आपल्या वस्तीत दुसरं टेबल टाका. ज्याला इंग्रजी फॉर्म वाचता येतो त्यानं पेन घेऊन यावं. माझी पाळी दुपारी सुटते, संध्याकाळी पाचपासून मी बसतो.